तुझ्या नाकाची हमी मी दिली होती

नागेश, आधी भांडण, मग रडणं. आपल्यात हाच क्रम होता, तो मी मोडणार नाही.

टाकीत उतरलास कशाला? तू डाइंग मास्तर होतास. नंजनगूडच्या त्या कारखान्यात सूत रंगवणं हे तुझं काम. सांडपाण्याची टाकी उपसायला ठेकेदाराची चार माणसं आली होती. त्यांच्या आधी तू दोन पायऱ्या खाली गेलास, वाकलास, आणि तिथेच कोसळलास. वय चोपन्न. घरी शोभा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली अनन्या, आणि देवराज मोहल्ल्यात साड्यांच्या दुकानात बसलेली मी, तुझी अक्का. फोन आला तेव्हा समोर एक गिऱ्हाईक होतं. मी त्या बाईंना म्हणाले, "जरा थांबा, भाव नंतर ठरवू." त्याच बाईंनी मला पाणी दिलं.

तेराव्याला पंधरा माणसांनी तरी मला सांगितलं की नागेश देवमाणूस होता. मी मान हलवली. देवमाणसं भर दुकानात गिऱ्हाइकासमोर "अक्का, ह्या जांभळ्याचा रंग जाणार गं" असं म्हणत नाहीत. तू म्हणायचास. गिऱ्हाईक उठून गेलं की मी तुझ्या अंगावर धावून जायचे आणि तू म्हणायचास, "अय्यो, खरं सांगितलं की. सुम्ने कशाला ओरडतेस?" उगाच ओरडते मी, असं तुझं कायमचं मत होतं.

मनातली जुनी आढी आता सांगून टाकते. तू असताना ती मी टोमण्यांत सांगितली, नीट कधी सांगितली नाही.

आपण रंगाऱ्यांच्या घरातले. किती पिढ्या म्हैसुरात गेल्या हे अण्णांनाही सांगता येत नसे. मागच्या पडवीत जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं निळीचं पिंप होतं. अण्णा त्याच्याबद्दल घरातल्या एखाद्या हट्टी म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. त्याला थंडी वाजते, त्याला भूक लागते, ते रुसलंय. रोज सकाळी चूळ भरून, पोटात काही नसताना, ते झाकण उचलायचे, वास घ्यायचे, बोटाचं टोक जिभेला लावायचे आणि सांगायचे, आज गूळ घाला, आज चुना घाला, आज हात लावू नका. तू आठ वर्षांचा असल्यापासून दगडावर उभा राहून त्यांच्या शेजारी वाकायचास. "वास तीव्र आहे तोवर आत खळबळ आहे," ते तुला सांगायचे. "वास निवला की ते शांत झालं. मग कापड बुडवायचं."

मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी. मला तेरावं वर्ष लागलं आणि माझी पडवी बंद झाली. वयात आलेल्या मुलीची सावली पडली की पिंप विटाळतं, नीळ मरते, असं सगळ्या रंगाऱ्यांच्या घरांत मानायचे. मी दारातून बघायचे. अण्णांचा हात तुझ्या मानेवर असायचा. माझ्या मानेवर त्यांनी कधी हात ठेवल्याचं मला आठवत नाही.

एकदा अण्णा देवाला नंजनगूडला गेले होते, आई शेजारी गेली होती. तू मला हाताला धरून पडवीत नेलंस. झाकण उचललंस आणि म्हणालास, "घे वास. लौकर घे." मी वाकले. ओल्या गोणपाटासारखा वास आला.

"काय कळलं?"

"घाण आहे."

"वेडे, ते भुकेलंय!" असं म्हणून तू हसायला लागलास, मीही हसायला लागले, आणि त्या नादात झाकण कितीतरी वेळ उघडंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पिंप फिरलं. आठवड्याचं काम गेलं. अण्णांनी विचारलं, "पडवीत कोण आलं होतं?" तू म्हणालास, "मी एकटाच होतो." पिंप ढवळायच्या काठीने त्यांनी तुला मारलं. मी दाराआड उभी होते, नागेश. मी बाहेर आले नाही. त्यावर तू पुढे चाळीस वर्षांत एक शब्द काढला नाहीस आणि मीही काढला नाही. तुला वाटत असेल मी विसरले.

तर नाक तुला मिळालं. मी तोंड कमावलं. सासर सोडून परत आले तेव्हा दोन बोचक्यांशिवाय माझ्याकडे काही नव्हतं. सरस्वतीपुरममधल्या शिक्षिकांच्या दारोदार गाठोडं घेऊन फिरले. त्या दुपारी शाळेतून यायच्या, पाय वर घेऊन बसायच्या, आणि मी पायरीवर साड्या उलगडायचे. पुढे दुकान झालं. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात. मी माती नाही विकली, पण विकायची वेळ आली असती तर विकली असती.

आणि त्या दुकानात मला पहिल्यांदा कळलं की तुझं नाक किती कामाचं आहे. अहमदाबादकडचा एक दलाल परकराच्या काळ्या कापडाचा गठ्ठा घेऊन आला होता. रविवार होता म्हणून तू बसला होतास. तू कापडाचा कोपरा नाकाशी नेलास, मग चुरगळून पुन्हा नेलास. "अक्का, ह्यात गंधक राहिलंय. धुतलेलं नाही नीट. कपाटात वर्षभर ठेवलं तर घडीवर फाटेल." दलालाचा चेहरा पडला. "ये आदमी है या लॅबोरेटरी?" असं तो म्हणाला. मी भाव असा पाडला की जाताना त्याने चहासुद्धा घेतला नाही. त्यानंतर दर रविवारी मी तुला बोलवायला लागले. जेवायला ये म्हणायचे. तुला ठाऊक होतं कशाला ते. तरी यायचास. मला व्यापारात उभं कोणी केलं असं कोणी विचारलं की मी छातीवर हात मारून सांगायचे, मीच. अर्धं खोटं होतं ते. तू समोर असलास की गालातल्या गालात हसायचास आणि भातावर सार ओतून घ्यायचास.

आता अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ती तुला ठाऊक आहे, पण ह्या महिन्यात मला ती दुसऱ्यांसमोर सांगावी लागली आहे, म्हणून इथेही सांगते.

तुझा हातछपाईचा कारखाना बंद पडला. अनन्या तेव्हा चौथीत. नंजनगूडला जागा आहे असं कळलं आणि मी तुझ्याबरोबर बसने आले, कारण तू एकटा गेला असतास तर त्यांनी जे दिलं असतं ते हात जोडून घेऊन आला असतास. मॅनेजर पगाराचा आकडा वर सरकवेना. बोलता बोलता म्हणाला, इथे खर्च फार, टाकी उपसायच्या आधी गॅस बघायचं यंत्र आहे, ते वापरायला शिकलेला माणूस ठेवावा लागतो, यंत्र दरवर्षी तपासायला बंगळूरला पाठवावं लागतं.

मी ते तिथेच पकडलं. असा धागा हाती लागला की मी सोडत नाही.

"ह्याला घ्या," मी म्हणाले. "वेगळा माणूस कशाला? सात पिढ्यांचं नाक आहे. यंत्र चुकेल, हा चुकणार नाही. हमी माझी."

त्याने गंमत म्हणून तीन पेल्यांत रंगाचं पाणी मागवलं. तू डोळे मिटून सांगितलंस, हे कालचं, ह्यात आम्ल जास्त, हे टाकून द्या. मॅनेजर खूश. "मग ते यंत्र राहू दे कपाटात," तो हसत म्हणाला, आणि मी त्या हसण्यावर आकडा दोनदा वर चढवला. परत येताना तू डझनभर रसबाळी केळी घेतलीस आणि बसमध्ये मला सोलून सोलून देत होतास. "अक्का, आज अण्णा असते तर," असं म्हणालास. मला खरं म्हणजे तेव्हा फार आनंद झाला होता. अण्णांनी जे मला दिलं नाही ते मी विकून दाखवलं, असं काहीसं वाटलं. वाईट गोष्ट आहे, पण वाटलं.

तेव्हापासून टाकी उघडायच्या दिवशी "नागेश सार" आल्याशिवाय कोणी खाली उतरत नसे. तू वास घ्यायचास, थांबायचास, पुन्हा घ्यायचास आणि मग "उतरा" म्हणायचास. अकरा वर्षं.

शेवटच्या रविवारी आपण ह्यावरूनच भांडलो. भांडलो कसलं, भांडण अर्धं राहिलं. मी माल घेऊन नुकतीच परत आले होते. पश्चिमेकडे कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसच्या आवारात मी टाकी उपसताना पाहिलं होतं. टाकीवर तीन पायांचं लोखंडी तिकाटणं उभं केलेलं, उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोर, आधी एक छोटी पेटी दोरीने आत सोडली, तिच्यावरचे आकडे दोघांनी वाचले, कागदावर सह्या केल्या, मग माणूस उतरला. मालकाला मी विचारलं, एवढं का हो? तो म्हणाला, काही वर्षांपूर्वी इथे माणसं गेली, सगळं गाव फाटकाशी बसलं, तेव्हापासून. त्याच फेरीत दुसऱ्या एका गावात दलालाने चहा पिता पिता सांगितलं की मागच्या महिन्यात आमच्याकडे दोघं टाकीत गेले, लांब ओडिशाकडचे होते, दुपारच्या आत गाडी लावून गावी पाठवले. नावं विचारली तर म्हणाला, ती ठेकेदाराला माहीत असतील. दोन्ही गावांत एकच रंग, एकच सूत, एकच घाण पाणी.

हे सगळं मी तुला जेवताना सांगितलं. "गाढवा, ती पेटी वापर. आहे ना कपाटात?"

"बॅटरी मेली असेल तिची," तू म्हणालास. "आणि त्यांच्याकडे नाकं नाहीत गं अक्का, म्हणून पेट्या लागतात."

"हसू नकोस."

"का? हमी तूच दिलीस की!"

आणि मला हसू आलं. शोभाही हसली. मी तिच्याकडे आणखी सार मागितलं आणि विषय संपला. एका पदराच्या काठावरून मी माणसाला तासभर बसवून ठेवते, नागेश. त्या दिवशी मी तासभर बसायला हवं होतं. बसले नाही, कारण तुझं नाक खोटं ठरलं असतं तर माझा सौदाही खोटा ठरला असता.

त्या दिवसाचं मला सिद्धराजूने सांगितलं. ठेकेदाराच्या चार माणसांतला तो वयाने मोठा. तेराव्याला मागच्या दाराशी येऊन उभा राहिला, आत येईना. सणाच्या सुट्टीत टाकी दहा दिवस बंद होती. तू झाकण काढायला लावलंस आणि लांब उभा राहिलास.

"सार म्हणाले, वास जबर आहे, बसा जरा. आम्ही बसलो. मग ते जवळ गेले, वाकले, मागे आले, पुन्हा गेले. म्हणाले, निवला, आता काहीच नाही. आम्ही उठलो तर हात आडवा केला. म्हणाले, थांबा, आधी मी बघतो, मग तुम्ही." सिद्धराजूने दाराची चौकट धरली. "आवाजसुद्धा झाला नाही, अक्का. ओला टॉवेल पडावा तसे. मी धावलो तर ह्या तिघांनी मला कमरेला धरलं. मी त्यांना मारलं. त्यांनी सोडलं नाही."

मी त्याला म्हणाले, बरं झालं नाही सोडलं. मग तो माझ्यासमोर रडला.

म्हैसूरच्या इस्पितळात तुला आणलं तेव्हा काही उरलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, वास गेला होता म्हणे, मग हा गेला कसा? ते म्हणाले, हा वायू थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, वाढला की तो आधी माणसाचं नाक मारतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं नाही.

"नाक चांगलं असेल तर?"

"चांगलं नाकही मरतं. तेवढ्याच वेळात."

मी बाकावर बसले. वास निवला की शांत झालं. अण्णांच्या पिंपापाशी ते खरं होतं. निळीच्या पिंपाने रंगाऱ्याला कधी फसवलं नाही, म्हणून तू टाकीवरही तसाच विश्वास ठेवलास. दुसरा कोणी असता, शिंप्याच्या किंवा सुताराच्या घरातला, तर त्याने नाकावर एवढा भरवसा ठेवलाच नसता. तो घाबरला असता आणि जगला असता. अण्णांनी मला दारातच अडवलं ह्याचा राग मी जन्मभर केला. आता तो राग कुठे ठेवू हे मला समजत नाही.

पण एक गोष्ट मी कोणालाही विसरू देणार नाही. "आधी मी बघतो, मग तुम्ही." तू ते म्हणाला नसतास तर त्या चार घरांत तेरावं झालं असतं. त्यांतला एक जण तर त्या दिवशी पहिल्यांदाच कामाला आला होता असं सिद्धराजू म्हणाला.

चौदाव्या दिवशी मॅनेजर तुमच्या सरस्वतीपुरमच्या घरी आला. फळांची टोपली, सोबत एक कारकून, आणि कन्नडमध्ये टाइप केलेला कागद. मृत व्यक्ती कामाशी संबंध नसताना, स्वतःच्या इच्छेने व निष्काळजीपणे टाकीत उतरली. शोभाने सही केली की पुढल्या महिन्यापासून अनन्याला ऑफिसात नोकरी. शोभाने कागद हातात घेतला आणि माझ्याकडे दिला. "वन्सं, तुम्ही बोला," ती म्हणाली. घरात बोलायचं काम नेहमी माझंच.

"कामाशी संबंध नसताना म्हणजे काय?" मी म्हणाले. "टाकीत फिरायला गेला होता का तो? हवा खायला?"

"अम्मा, आवाज कमी करा."

"माझा भाऊ गेलाय. आवाज तुम्ही कमी करा."

तो मला हळूच बाहेर ओट्यावर घेऊन गेला. तिथे तो जे बोलला ते अगदी सौम्य आवाजात बोलला. "अम्मा, गॅस बघायचं काम आम्ही त्याला दिलं असं कागदावर कुठेही नाही. तोंडी काय ठरलं ते आपल्या दोघांनाच माहीत. त्याच्या नाकाची हमी कोणी दिली, हे शोभाम्मांना मी सांगू का? तुमचं बघा. ह्या भागात असंच मिटवतात, सगळ्यांच्या सोयीचं असतं."

मी पहिल्यांदा कोणासमोर तरी गप्प राहिले. तो "विचार करा" म्हणून निघून गेला. फळं तशीच राहिली.

मी पुढचे तीन दिवस दुकानात बसून फोन केले. जिथे जिथे माल घेते तिथल्या ओळखीच्या माणसांना. एकाच गोष्टीचा भाव गावागणिक विचारायची मला सवय आहे. पश्चिमेकडचा तो प्रोसेस हाउसवाला म्हणाला, आमच्याकडे हा कामावरचा मृत्यू, वादच नाही, तसं लिहून मिळेतोवर लोक बॉडी उचलू देत नाहीत. तमिळनाडूतला माझा सुताचा एजंट म्हणाला, युनियन कुठली आहे त्यावर आहे. दुसऱ्या गावचा, चहा पिता पिता बोललेला तो दलाल म्हणाला, ताई, इकडे असता तर हार्ट फेल लिहिलं असतं आणि तुम्हीही सही केली असती. बंगळूरच्या एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की कायदा देशभर जवळजवळ सारखाच आहे. मग फरक कशाने पडतो, मी विचारलं. ते म्हणाले, तिथे हजर असलेल्यांपैकी कोण तोंड उघडतं, ह्याने.

नंजनगूडला हजर कोण होतं? सिद्धराजू आणि तिघं. बोललात तर ह्या पट्ट्यात काम मिळणार नाही, असं ठेकेदाराने त्यांना बजावलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. आणि त्यांनी तू वास घेताना पाहिलं होतं इतकंच. ते काम तुला कोणी दिलं, का दिलं, यंत्र कपाटात का गेलं, हे फक्त तीन माणसांना ठाऊक होतं. त्यांतला एक तू.

खरं सांगते, मी वाटा शोधल्या. निनावी पत्र लिहावं का? वकिलांना सांगून त्यांच्याकडून वदवून घ्यावं का? शोभाला आधी एकटीला सांगावं का? ते तर मी करायलाच हवं होतं. दोनदा गेले सांगायला. पहिल्यांदा ती तुझे शर्ट वाळत घालत होती. धुतलेलेच होते, तरी पुन्हा धुतले होते. दुसऱ्यांदा अनन्या म्हणाली, "अत्ते, अप्पांनी असं सुम्ने का केलं? त्यांना कळायला नको होतं?" पोरीला वाटत होतं की तिचा बाप मूर्खपणाने मेला. मी दोन्ही वेळा कॉफी पिऊन परत आले.

कारखान्यांच्या निरीक्षक बाईंनी जबाब घ्यायला तिथेच, कारखान्याच्या ऑफिसात बोलावलं. बाई तरुण होत्या, आवाज शांत होता. एका बाजूला मॅनेजर, एका बाजूला मी आणि शोभा. शोभाने माझा हात धरला होता, तिला टाकीकडची खिडकी बघवत नव्हती. मॅनेजरने आधी सांगितलं की नागेशला ते काम कधी दिलंच नव्हतं. मग बाईंनी विचारलं, "घरच्यांना काही सांगायचंय?" मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी गप्प बसणार अशी त्याची खात्री होती.

मी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी ह्याच खोलीत, ह्याच टेबलाशी. तीन पेले, आकडा, "यंत्र राहू दे कपाटात," सगळं.

"यंत्र वापरणार नाहीत हे तुमच्यासमोर ठरलं?"

"हो."

"तुम्ही हरकत घेतली नाही?"

"नाही. त्याच्यावर मी पगार वाढवून घेतला. नाक चुकणार नाही अशी हमी मीच दिली होती."

शोभाने हात सोडवून घेतला. झटकला नाही. हळूच काढला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. मी तिच्याकडे बघितलं नाही, बोलत राहिले, कारण थांबले असते तर मला पुन्हा सुरुवात करता आली नसती.

बाईंनी कपाट उघडायला लावलं. किल्ली सापडायला वेळ लागला. यंत्र डब्यातच होतं, वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा पुरा निघालेला नव्हता. मॅनेजर म्हणाला, हे जुनं आहे, नवं मागवलंय. बाईंनी फोटो काढला. कारकुनाने माझा जबाब वाचून दाखवला. त्यात "मृताच्या बहिणीच्या आग्रहावरून" असं होतं. मी म्हणाले, आग्रह माझा, तो राहू दे, खरा आहे. पण त्याच्यापुढे लिहा की कारखान्याने तो मान्य केला आणि अकरा वर्षं त्याच्याकडून ते काम करून घेतलं. बाईंनी ते लिहायला लावलं. आणि त्यांच्या अहवालात तुझ्या नावापुढे शब्द आले, कामावर असताना, कामामुळे. निष्काळजीपणा हा शब्द आता तुझ्या नावासमोर नाही. मॅनेजर जाता जाता म्हणाला, हे वर टिकणार नाही. नाही टिकलं तर वर जाऊन भांडेन. तिथे मी कमी पडणार नाही हे तुला ठाऊक आहे.

अनन्याला मी त्या दुपारी फोनवर सगळं सांगितलं, डॉक्टर नाकाबद्दल काय म्हणाले तेही. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे अप्पांना कोणी सांगितलंच नव्हतं." मी म्हणाले, नाही बाळा, कोणी सांगितलं नव्हतं. ती पेटी मी बघून आले होते, मला निदान अर्धं तरी ठाऊक होतं, हे वाक्य माझ्या तोंडात होतं. ते तिला मी समोर बसून सांगेन. सांगायचं राहिलेलं तेवढंच आहे.

शोभा आणि मी बसने परत आलो. ती खिडकीशी, मी शेजारी, मध्ये तिची पिशवी. सगळ्या रस्त्यात तिने खिडकीतून मान वळवली नाही. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल. शिव्या मला समजतात. म्हैसूरच्या स्टँडवर उतरल्यावर मी सवयीने रिक्षावाल्याकडे वळले तर ती म्हणाली, "मी सिटी बसने जाईन."

मग थोडं पुढे जाऊन ती थांबली आणि परत आली.

"वन्सं, तुम्ही आज बोललात ते बरं केलंत. त्यांच्या नावाला लागलेलं निघालं. ते मी विसरणार नाही. पण आता काही दिवस घरी येऊ नका. मी बोलावीन तेव्हा या."

मला पुष्कळ बोलायचं होतं. तू असतास तर आमच्या मध्ये उभा राहून काहीतरी येडपट बोलला असतास, आणि आम्ही दोघी तुझ्यावरच उलटलो असतो, आणि तिथेच मिटलं असतं. किती वेळा तसं मिटवलंस तू, त्याचे आभार मानायचेही राहून गेले.

मी तिला "बरं" म्हणाले. ती तिच्या बसकडे निघाली. किती दिवस, हे मी विचारलं नाही.